पेपर फुटलेली परीक्षा



ग्राफिक्स कार्डांच्या ज्या चाचण्यांचे आकडे पाहून आपली मुलं-नातवंडं पन्नास-साठ हजार रुपये मोजायला तयार होतात, त्यांना ‘परीक्षा’ म्हणायला माझा विरोध आहे. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पेपर काढले, गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, वर्गावर पर्यवेक्षण केलं. त्या अनुभवावर सांगते. ज्या परीक्षेचा पेपर विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतो, जिथे परीक्षकाचं काम विद्यार्थ्याच्या बापाच्या मर्जीवर चालतं आणि निकालात ग्रेसचे मार्क मूळ गुणांत मिसळून दाखवतात, तिला आम्ही परीक्षा म्हणत नसू. तिला जाहिरात म्हणतात.

आता पुण्याच्या आमच्या वन्सं कमेंट टाकणार, “वहिनी, या वयात हे काय नवीन?” नवीन काही नाही हो. डोंबिवलीत राहणारा माझा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला कार्ड हवंय, आणि पैशातला निम्मा वाटा आजीच्या मुदत ठेवीच्या व्याजातून जावा असा एक प्रस्ताव माझ्यापुढे आला. (प्रस्ताव अगदी गोड शब्दांत होता, त्यात वाद नाही. :-) ) सोबत पुरावा म्हणून रंगीत पट्ट्यांचे तक्ते होते: कुठलं कार्ड कुठल्या खेळात किती पळतं. जिथे पैसे माझे, तिथे गुणपत्रिका तपासायचा हक्कही माझा. गेले दोन महिने मी हेच वाचते आहे, आणि जितकं वाचते तितकी चिडते आहे.

ज्यांना या विषयातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावरचा खेळ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं, आपल्या सिनेमासारखी. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पुरतात कारण ती आधीच काढून ठेवलेली असतात. खेळात मात्र खेळणारा कुठे वळेल ते आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक चित्र त्या क्षणी काढावं लागतं. हे काम करतं ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला किती चित्रं काढली हा त्याचा गुण. सेकंदाला साठ काढायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. खेळ जितका जड, तितकं चित्र अवघड. एकेकाळी, म्हणजे २००७ साली आलेला ‘क्रायसिस’ हा त्यातला कर्दनकाळ होता. नवीन संगणक घेतला की “क्रायसिस चालेल का?” हा ठरलेला विनोद. आता तो मान २०२० च्या डिसेंबरात आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ या पोलंडच्या कंपनीच्या खेळाकडे गेला आहे. म्हणजे जड खेळ हा पेपर, कार्ड हा विद्यार्थी. इथपर्यंत सगळं ठीक.

आता पेपरफुटीकडे येऊ.

२००१ साली एटीआय नावाची कंपनी होती (२००६ मध्ये ती एएमडीने विकत घेतली). तिचं ‘रेडिऑन ८५००’ हे कार्ड ‘क्वेक थ्री’ या खेळात फार छान गुण मिळवत होतं. काही चौकस लोकांनी एक साधी गोष्ट केली. खेळाच्या फाईलचं नाव ‘क्वेक’चं बदलून ‘क्वॅक’ केलं. खेळ तोच, बदललं फक्त नाव. आणि काय, वेग खाली आला आणि चित्र मात्र सुधारलं! म्हणजे कार्डाबरोबर येणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती फाईलचं नाव वाचत होती. ‘क्वेक’ दिसला की चित्राची प्रत गुपचूप कमी करून वेग वाढवायचा. कारण चाचणी घेणारे तेव्हा सगळे क्वेकच वापरायचे. पुढच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने चित्र सुधारलं, पण पकडले गेल्यावर.

दुसरी कंपनी सोवळी आहे असं समजू नका. २००३ च्या मे महिन्यात एनव्हिडियाची पाळी आली. तेव्हा ‘थ्रीडीमार्क ०३’ नावाची खास चाचणीसाठीच बनवलेली आज्ञावली होती. तिच्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरायचा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट पाठ होती. कॅमेऱ्याला जे दिसणारच नाही ते तो आधीच काढायचं सोडून देत होता. कोणीतरी कॅमेरा वाटेवरून जरा बाजूला नेला आणि चित्र मोडकंतोडकं दिसायला लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर गाईडमधला निबंध पाठ केलेला मुलगा. ‘माझी आई’ आला तर पैकीच्या पैकी, ‘माझी मावशी’ म्हटलं की पेन खाली. फ्यूचरमार्क या चाचणी बनवणाऱ्या कंपनीने पळवाटा बुजवल्या, तेव्हा एनव्हिडियाच्या वरच्या कार्डाचे गुण जवळजवळ चोवीस टक्क्यांनी उतरले.

पण मला खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढलं आणि फ्यूचरमार्कने ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला. आता म्हणे ती ‘विशिष्ट आज्ञावलीसाठी केलेली सुधारणा’ होती! मी मराठी घेऊन बीए झालेली बाई, संगणकातलं मला कमी कळत असेल, पण शब्द बदलला की काय बदलतं आणि काय बदलत नाही एवढं कळतं. कॉपीला ‘संदर्भसाहित्याचा वापर’ म्हटलं म्हणून वर्गातली चिठ्ठी अदृश्य होत नाही.

यावर माझा भाचा (तो आयटीत आहे) म्हणतो, “मावशी, एखाद्या खेळासाठी ड्रायव्हर सुधारणं यात वाईट काय? सगळेच करतात.” बरोबर आहे. मीही दहावीच्या वर्गाची जादा तयारी करून घेत असे. पण फरक साधा आहे. ज्या सुधारणेने रोज खेळणाऱ्याला, तेच चित्र, जास्त वेगात मिळतं ती शिकवणी. जी फक्त चाचणीच्या वाटेवर चालते किंवा चित्र बिघडवून गुण वाढवते ती कॉपी. ओळखायची कसोटीही सोपी आहे: पेपर जरा बदला. शिकवणी टिकते, कॉपी उघडी पडते.

म्हणूनच सायबरपंकमध्ये खेळाबरोबरच येणाऱ्या ठरीव चाचणीवर मी फार विसंबायला तयार नाही. तिथेही कॅमेऱ्याची मिनिटभराची फेरी ठरलेली असते. बारमधून निघायचं, रस्त्यावर यायचं, संपलं. त्यात कोणी लबाडी करतंय असा माझा आरोप नाही. पण तो पेपर सगळ्यांना पाठ आहे, आणि सोपाही आहे. नातू खेळतो ते ‘डॉगटाउन’ नावाच्या भागात, जो २०२३ च्या सप्टेंबरातल्या पुरवणीत आला. तिथली गर्दी, धूर आणि दिवे यांपुढे मिनिटभराची ती फेरी म्हणजे वार्षिक परीक्षेऐवजी घटक चाचणीच.

आता सरासरीची गंमत बघा.

तक्त्यांतली सगळ्यात लांब, सगळ्यात रंगीत पट्टी असते सरासरी फ्रेमची. समजा एका सेकंदात साठ चित्रं निघाली. त्यांतली एकोणसाठ प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि एकाला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज करा: ५९० अधिक ४१०, बरोबर एक सेकंद. सरासरी साठ! गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी. आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठलेलं. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको. दिवसभराच्या गाड्यांची सरासरी काढली तर आपल्याला लोकलची काही कमी नाही. पण सकाळी पाऊण तास एकही गाडी आली नाही आणि मग पाठोपाठ चार आल्या, तर सरासरी काय चाटायची आहे?

अमेरिकेतल्या स्कॉट वॉसन नावाच्या परीक्षकाने २०११ साली ‘टेक रिपोर्ट’वर हीच गोष्ट नीट मांडली. सेकंदात किती चित्रं आली ते मोजू नका, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मोजा आणि सगळ्यात वाईट चित्रांकडे बघा. मला हा माणूस आवडला. वर्गाची सरासरी सत्तर आली म्हणून खूश होणारे मुख्याध्यापक खूप पाहिले. शेवटच्या बाकावरचं नापास पोर ज्याला दिसतं तो शिक्षक. तेव्हापासून चांगले परीक्षक सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा आकडा वेगळा देतात. पण तो असतो बारीक पट्टीत, आणि पोरं बघतात जाड पट्टी. दुकानात तर जाड पट्टीच दाखवतात.

आणि आता ग्रेसचे मार्क. हा यंदाचा सगळ्यात मोठा घोटाळा, माझ्या मते.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून एनव्हिडियाच्या कार्डांत एक नवी सोय आली. कार्डाने दोन खरी चित्रं काढायची आणि मधलं तिसरं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाजाने भरायचं. पुढच्या वर्षी एएमडीनेही आपली तशीच सोय आणली. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने मजल आणखी पुढे नेली: एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत अंदाजाची चित्रं. त्याच वेळी लास वेगासच्या व्यासपीठावरून कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं ‘आरटीएक्स ५०७०’ हे ‘आरटीएक्स ४०९०’ इतकी कामगिरी करेल. हे ४०९० म्हणजे २०२२ साली १५९९ डॉलरला आलेलं कार्ड! टाळ्या पडल्या. नंतर स्वतंत्र परीक्षकांनी भरलेली चित्रं बाजूला ठेवून मोजलं, तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे राहिलं. तिसरी इयत्ता आणि सातवी इयत्ता.

सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. चित्र डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, नातवाने मला दाखवलं. पण मधलं चित्र भरायला पुढचं खरं चित्र हाताशी असावं लागतं, म्हणजे ते क्षणभर थांबवून ठेवावं लागतं. म्हणून पडद्यावर सेकंदाला १२० चित्रं दिसली तरी खरी तीसच असतील, तर बटण दाबल्यावर हात हलायला तीसच्या हिशेबाने वेळ लागतो, वर थोडा उशीर आणखी. खेळ दिसतो हरणासारखा आणि चालतो म्हशीसारखा. विद्यार्थ्याने एक ओळ लिहिली आणि पुढच्या तीन ओळी परीक्षकाने “त्याला असंच म्हणायचं असणार” म्हणून स्वतः भरल्या, तर चारही ओळींचे गुण त्याला द्यायचे का? बोर्डाच्या गुणपत्रिकेत सवलतीच्या गुणांपुढे खूण तरी असते. इथे पट्टी एकच, रंग एकच, खूण शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत.

राहता राहिला परीक्षक.

चाचणी घेणाऱ्या बऱ्याच लोकांना कार्ड बाजारात येण्याआधी कंपनीकडूनच मिळतं. त्यात गैर काही नाही, पुस्तक परीक्षणालाही प्रकाशक प्रत पाठवतोच. पण २०२० च्या डिसेंबरात ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या ऑस्ट्रेलियन परीक्षकांना एनव्हिडियाने कळवलं की तुमचा भर आम्हाला हव्या त्या गोष्टीवर नाही, तेव्हा आता आमची कार्डं पाठवणार नाही. बोभाटा झाला आणि दोन-चार दिवसांत निर्णय मागे घेतला. मग एप्रिल २०२५ मध्ये ‘५०६० टीआय’ आलं. नाव एक, पण स्मृती दोन प्रकारची: ८ जीबी आणि १६ जीबी. परीक्षकांकडे आली १६ जीबीची, आणि ८ जीबीची ज्यांना तपासायची होती त्यांना ती बाजारातून विकत घ्यावी लागली. एका हॉलतिकिटावर दोन भाऊ, आणि तोंडी परीक्षेला पाठवायचा हुशार तेवढा! पुढच्याच महिन्यात १९ तारखेला साधं ‘५०६०’ आलं, तेव्हा परीक्षकांना आधी ड्रायव्हरच दिला नाही. ज्या थोड्यांना दिला त्यांना कुठले खेळ, कुठल्या मांडणीत तपासायचे त्याच्या अटी होत्या. पेपर कोणी काढायचा, हे विद्यार्थी ठरवणार. वा!

हे झालं जगाचं. आता आपल्या घरचं.

या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत होतात, पुष्कळदा उघड्या टेबलावर, भोवती मोकळी हवा. नातवाचं घर डोंबिवली पूर्वेला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात दुपारी तिथे गच्चीचा स्लॅब इस्त्रीसारखा तापतो. संगणक भिंतीलगत, टेबलाखाली, पत्र्याच्या पेटीत. त्यात २५० वॅट खाणारं ५०७०, म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्यांतले अडीच दिवे पेटीत सतत पेटलेले. सगळ्यात वरच्या ५०९० ला तर ५७५ वॅट लागतात. खोली जितकी तापते तितकं कार्डही तापतं, आणि एका मर्यादेनंतर स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि पंखे जोरात फिरवतं. नातवाच्या मित्राचं कार्ड लावून आम्ही एक दुपारभर पाहिलं. पहिली पाच मिनिटं सगळं तक्त्यासारखं, चाळीस मिनिटांनी आकडे खाली आणि आवाज असा की सूनबाईंना वाटलं मिक्सर चालू राहिला. मिनिटभराच्या फेरीत हे कधीच दिसणार नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक देशाच्या हवामानात कोण चाचणी घेणार? घेतात की! आपल्या एसीवरचे तारे बघा. ऊर्जा दक्षता ब्यूरोने तारे देताना परदेशी मोजमाप तसंच उचललं नाही, २४ ते ४३ अंश असं आपल्याकडचं तापमान धरून हिशेब बसवला आणि २०१८ पासून तो सक्तीचा केला. तीस-चाळीस हजारांच्या एसीला भारतीय उन्हाळ्याची परीक्षा आणि पन्नास-साठ हजारांच्या कार्डाला नाही, हा कुठला न्याय? या कार्डावर आपण १८ टक्के जीएसटी भरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जिथे ग्रेसचे मार्क मूळ गुण म्हणून छापले जातात तिथे या कायद्याने डोळे उघडायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

“खेळणंच आहे ते, एवढं काय मनावर घेता?” असं आमच्या बिल्डिंगमधल्या एका सद्गृहस्थांनी ऐकवलं. खेळणं असेल. पण ज्या घरात दोन हप्ते चालू आहेत तिथे पन्नास हजार म्हणजे खेळ नव्हे. दुकानदार एकदा खोका उघडला की परत घेत नाही, हा अनुभव कोणाला नाही? आणि त्याहून मोठी गोष्ट: ही मुलं उद्या इंजिनिअर होणार, पूल बांधणार, औषधं तपासणार. समोर ठेवलेला आकडा कोणी, कुठे, कशासाठी मोजला हे न विचारता मान डोलवायची सवय त्यांना विसाव्या वर्षी लागली, तर ती कार्डापुरती राहणार नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच. नातवाला जी यादी दिली तीच इथे देते:

१. अंदाजाने भरलेली चित्रं बंद ठेवून मोजलेला आकडा आधी. भरलेली चित्रं वेगळ्या पट्टीत, वेगळ्या रंगात.
२. सरासरीच्या आधी सर्वांत संथ एक टक्का बघायचा.
३. ठरीव फेरी नव्हे, आपण खेळतो तो भाग, निदान अर्धा तास.
४. खोलीचं तापमान लिहिलेलं नसेल तर तो तक्ता अर्धवट समजायचा.
५. कंपनीकडून आलेलं कार्ड की विकत घेतलेलं, हे परीक्षकाने सांगितलंय का ते बघायचं. नावाबरोबर जीबीही वाचायचे.

जे परीक्षक हे सगळं इमानाने करतात (आणि असे आहेत, त्यांच्यामुळेच क्वॅक कळलं) त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी तक्त्याखाली ‘जाहिरात’ असा शब्द छापावा, म्हणजे वाद मिटला.

तुमच्यापैकी ठाणे, कल्याण, बदलापूर, कुठेही जे खेळतात त्यांनी ऐन उन्हाळ्यात अर्ध्या तासाने काय आकडा येतो तो खोलीच्या तापमानासकट जरूर लिहा. पुढच्या मे महिन्यात सगळे एकत्र मांडू. परदेशातले भाचे-पुतणे, तुमच्या हीटर लावलेल्या खोलीतले आकडेही चालतील, फक्त तसं लिहा. :-)

ता. क. : मुदत ठेवीचं व्याज मी अजून दिलेलं नाही. यादीतले पाचही रकाने भरून आणले की देणार आहे. तीन आलेत.